बंद म्हणजे चालू

पंपकाकूंना राग यायला फार वेळ लागत नाही, हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या सोमवारी नोटीस बोर्डासमोर त्यांना जो राग आला तो नेहमीचा नव्हता. नेहमीचा राग तोंडावाटे बाहेर पडायचा आणि दहा मिनिटांत चहाबरोबर उतरायचा. हा पोटात जाऊन बसला, आणि पुढचे सहा आठवडे तिथून हलला नाही.

नोटीस इंग्रजीत होती. इथूनच बघा! ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी इंग्रजी शिकावं, असं सांगणारी नोटीस इंग्रजीत. चार ऑपरेटर, एक फिटर आणि काकू तिच्यासमोर मान वाकडी करून उभे होते आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ऑफिसातल्या कारकुनाला खाली बोलावलं. त्यानं अर्थ सांगितला तो असा, की सहा आठवड्यांनी कामापुरत्या इंग्रजीची परीक्षा होणार. चाळीस प्रश्न, चोवीस बरोबर आले की पास. जो नापास होईल त्यानं पंप चालू-बंद करायच्या पॅनेलला हात लावायचा नाही. त्याला बागेत काम मिळेल, झाडांना पाणी घालायचं.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी अख्ख्या शहराला पाणी पाजलं, आणि आता गुलाबांना पाजू?" काकू म्हणाल्या.

"मी नाही काढली हो नोटीस," कारकून म्हणाला आणि जिना चढून पळाला.

एकोणीस वर्षांपूर्वी काकू या पंपघरात फरशी पुसायला आल्या होत्या. शिक्षण सातवी. पण फरशी पुसता पुसता त्यांचे कान उघडे होते. कुठला पंप कसा गातो, कुठला कसा कण्हतो, हे त्यांना पहिल्या वर्षातच कळायला लागलं. एकदा त्यांनी ऑपरेटरला सांगितलं, "तीन नंबरचं बेअरिंग गेलंय." तो हसला. दोन दिवसांनी बेअरिंग खरंच गेलं, आणि मग कुणी हसलं नाही. फिटरमामांनी त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायला शिकवलं, जुन्या ऑपरेटरनं पॅनेल शिकवलं. हळूहळू फडकं हातातून गेलं आणि सकाळपाळीची जबाबदारी आली. पॅनेलसमोरची ती लोखंडी खुर्ची, एक पाय आखूड असलेली, खाली घडी केलेला पुठ्ठा घातलेली, ती काकूंची. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर मामासुद्धा म्हणायचे, "ऊठ बाबा, बाई येतील."

आता ती खुर्ची जाणार होती. इंग्रजीपायी!

ही परीक्षा ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या नव्या अधिकाऱ्याला सगळे लॅमिनेशनसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्लास्टिकचं वेड होतं. आल्या आल्या त्यांनी एक लॅमिनेशनचं यंत्र मागवलं आणि दिसेल तो कागद त्यात घालायला सुरुवात केली. 'येथे थुंकू नये' लॅमिनेट. 'दिवे बंद करा' लॅमिनेट. यंत्रं कधी हाताळलेली नव्हती, पण सूचना लिहिण्यात हातखंडा. काकू त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, या वयात कुठली शाळा घेणार मला?"

"शाळा कशाला, बाई? इंटरनेटवर सगळं फुकट आहे. शेकड्यांनी ॲप आहेत. शिका की! मनात आणलं तर काय अशक्य आहे?"

शिका की! उचलली जीभ लावली टाळ्याला. शेकडो आहेत हे सांगितलं, पण त्यातलं कुठलं घ्यायचं हे कोण सांगणार? तहानलेल्या माणसाला समुद्र दाखवायचा आणि म्हणायचं, पाणीच पाणी आहे, पी.

घरी गेल्यावर काकूंनी फोन लेकीच्या हातात दिला. लेक कॉलेजात होती, फोनवर तिची बोटं भराभर चालायची. नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन, त्यामुळे घरात कुणी काही बोललं की ते मशीनच्या आवाजातून त्याच्या कानावर जायचंच आणि त्याचं मत यायचंच.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"इंग्रजी शिकायचंय मला."

मशीन थांबलं. "भांडायला मराठी कमी पडायला लागली का?"

"अहो, जरा गप्प बसा."

लेकीनं सगळ्यात प्रसिद्ध ॲप उतरवून दिलं. त्यात एक गुबगुबीत घुबड होतं. ते टाळ्या वाजवायचं, उड्या मारायचं, आणि एक दिवस अभ्यास चुकला तर डोळ्यात पाणी आणून बघायचं. पहिल्या दिवशी घुबडानं काकूंना शिकवलं, 'मी सफरचंद खाते.' दुसऱ्या दिवशी, 'मुलगा सफरचंद खातो.' पाचव्या दिवशी, 'हत्ती वर्तमानपत्र वाचतो.' काकूंनी ते तीनदा ऐकलं. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

"हत्ती काय वाचतो म्हणाला हा?"

"वर्तमानपत्र. गंमत आहे गं आई, लक्षात राहावं म्हणून."

"मी पंपघरात काम करते की सर्कशीत? माझी खुर्ची जायला आलीय आणि हे घुबड माझी गंमत करतंय? आणि वर रडतंय कशाला ते? रडायची पाळी माझी आहे!"

घुबड गेलं. मग आले व्हिडिओवाले सर. गळ्यात टाय, मागे निळा पडदा, आणि आवाज असा की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी!' सर पहिली पाच मिनिटं काहीच शिकवायचे नाहीत, फक्त अपमान करायचे. "इंग्रजी येत नाही म्हणून चारचौघांत मान खाली जाते ना? मुलांच्या शाळेत लाज वाटते ना?" काकूंची मान आजवर कुणासमोर खाली गेली नव्हती. या माणसाला ती खाली घालायचीच होती, म्हणजे मग वर काढायचे पैसे घेता येतील. शेवटी सरांनी शिकवलं काय, तर 'हाऊ आर यू' आणि 'आय ॲम फाइन'. नवरा पुढच्या खोलीतून म्हणाला, "उद्या दोन नंबरच्या पंपाला विचार, हाऊ आर यू. तो म्हणेल, बेअरिंग गेलंय."

त्या व्हिडिओखाली लेकीनं चुकून कुठेतरी फोन नंबर भरला, आणि दुसऱ्या दिवशी ऐन कामात फोन आला. मधाळ आवाजाची एक मॅडम. "नमस्कार, मी तुमची समुपदेशक बोलतेय. मला सांगा, तुमचं स्वप्न काय आहे?"

"तुम्ही फोन ठेवावा हे," काकू म्हणाल्या. पण मॅडम चिवट. आज रात्रीपर्यंतच सवलत, फक्त दोन जागा उरल्यात, परदेशी शिक्षिका. काकूंनी विचारलं, "तुमच्या परदेशी शिक्षिकेला पंप प्राइम करणं म्हणजे काय ते माहीत आहे का? विचारून सांगा. मग बोलू." पुन्हा फोन आला नाही.

पण या फोनमधून काकूंना एक युक्ती मात्र सापडली. प्राइम हा शब्द पंपघरात सगळे बोलतात. पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरून आतली हवा घालवावी लागते, नाहीतर तो कोरडा फिरतो आणि जळतो. ते प्राइम करणं. काकूंनी ठरवलं, जे कुणी शिकवायला येईल त्याची आधी आपण परीक्षा घ्यायची. घुबड असो की टायवाले सर, पहिला प्रश्न हाच. ज्याला माझ्या पंपघरातला शब्द कळत नाही, त्याच्याकडून मी काय शिकू? संध्याकाळभर लेक एकेक ॲप उघडत राहिली आणि काकू विचारत राहिल्या. एकानं सांगितलं, प्राइम म्हणजे मुख्य. दुसऱ्यानं पंतप्रधानांचं चित्र दाखवलं.

"पंपाला मंत्री करायचाय वाटतं," पुढच्या खोलीतून आवाज आला. या वेळी काकूसुद्धा हसल्या.

शेवटी काय करणार, वेळ कमी होता. कारकून सांगून गेला होता की साहेबांनी चित्रांच्या एका ॲपवरूनच प्रश्न काढायला सांगितलेत. काकूंनी निमूटपणे ते ॲप घेतलं. दाराचं चित्र यायचं. दार लागलं की 'क्लोज', खाली मराठीत 'बंद करणे'. दार उघडलं की 'ओपन', खाली 'उघडणे'. सोपं होतं. नवरा शिवता शिवता विचारायचा, "क्लोज?" काकू कणीक मळता मळता म्हणायच्या, "बंद." असं दोन आठवडे चाललं. दीडशे शब्द झाले. मनातल्या मनात त्यांना जरा बरंही वाटायला लागलं.

आणि मग एका सकाळी लॅमिनेशनसाहेबांनी पॅनेलवर दोन नवे कागद चिकटवले. वर इंग्रजी, खाली फोनमधून काढलेलं मराठी. काकू पाळीवर आल्या तेव्हा फिटरमामा चष्मा कपाळावर चढवून ते वाचत होते.

"बाई, हे काय लिहिलंय? 'पंपाला मुख्य करा'?"

"प्राइम करा असेल ते, मामा. मंत्री करा नाही लिहिलं हे नशीब."

"बरं. पुढे? 'व्हॉल्व्ह बंद करा.' बरोबर, सुरू करताना तो बंदच लागतो. 'ब्रेकर बंद करा.' आँ? पंप चालू करताना ब्रेकर बंद?"

ब्रेकर म्हणजे घरातल्या मेन स्विचचा थोरला भाऊ. तो चालू केला की मोटरला वीज जाते आणि पंप फिरतो. तो बंद ठेवून पंप चालू करणं म्हणजे चूल न पेटवता दूध उतू घालवणं. काकू हसणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या कागदावर गेली. तो दुरुस्तीचा होता. त्यावर लिहिलं होतं, 'मोटरला हात लावण्यापूर्वी ब्रेकर उघडा.'

हसू ओठांवरच राहिलं. पाण्याच्या कामात 'उघडा' म्हणजे चालू करा. इथे प्रत्येक माणूस रोज व्हॉल्व्ह उघडतोय आणि पाणी सुरू होतंय. उद्या पाणी गाळायच्या विभागातला एखादा माणूस बदलीवर आला, त्यानं हा कागद वाचला आणि ब्रेकर 'उघडला', तर? आणि त्या वेळी मामांचे दोन्ही हात कपलिंगमध्ये, मोटर आणि पंप जोडणाऱ्या सांध्यात असले, तर?

"इंग्रजी मजकूर चुकलाय की मराठी?" मामांनी विचारलं.

तोच तर प्रश्न होता. काकू पॅनेलजवळ गेल्या. एक नंबरचा पंप दणदणत चालला होता. त्याच्या ब्रेकरवर तांबडा दिवा होता आणि दिव्याखाली बोटभर लांबीची एक लाल पट्टी, तिच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. तीन नंबरचा पंप थांबलेला होता. त्याच्यावर हिरवा दिवा आणि हिरवी पट्टी. काकू एकोणीस वर्षं या पट्ट्या बघत होत्या. तांबडी म्हणजे वीज आहे, हिरवी म्हणजे नाही. रंग बघायचा, अक्षरं कोण वाचतो? आज त्यांनी पदर घेऊन लाल पट्टीवरची धूळ पुसली आणि एकेक अक्षर लावलं. सी. एल. ओ. एस. ई. डी.

क्लोज्ड.

पंप चालू होता, आणि पाटी म्हणत होती क्लोज्ड. हातच्या काकणाला आरसा कशाला? घुबड, टायवाले सर, दाराचं चित्र, सगळे खोटे पडले ते त्या एका पट्टीपुढे.

त्या दुपारपासून काकूंनी आपली शिकवणी आपणच निवडली. ब्रेकरच्या अंगावर कंपनीची पितळी पाटी होती, तिच्यावरचा नंबर लेकीनं फोनवर टाकला, आणि त्या ब्रेकरचं अख्खं पुस्तक समोर आलं, चित्रांसकट. एक शब्दकोश सापडला, तो एका शब्दाचा एकच अर्थ सांगून मोकळा होत नव्हता. 'क्लोज' खाली त्यानं अकरा अर्थ दिले होते, आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणूनही दाखवत होता. आणि एक म्हातारा वीजतंत्री सापडला. कुठल्या तरी दूरच्या देशातला, भुवया पांढऱ्या, टाय नाही, संगीत नाही. तो एका जुन्या पॅनेलसमोर उभा राहायचा, वस्तूला बोट लावायचा आणि मग शब्द उच्चारायचा. सावकाश. प्रत्येक शब्द दोनदा. खाली अक्षरं उमटायची. त्याला बघणारे सगळे मिळून चारशे. काकूंनी त्याला प्राइमची परीक्षा घातली. त्यानं एक व्हिडिओ पंपात पाणी ओतण्यातच घालवला होता.

"हा माणूस," काकू लेकीला म्हणाल्या, "या माणसाचे हात बघ. काळे आहेत. याच्याकडून मी शिकीन."

त्याच्याकडूनच त्यांना ते कोडं उलगडलं. ब्रेकरच्या आत तांब्याचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांना चिकटले की वाट जुळते आणि वीज वाहते. जुळले म्हणजे क्लोज. लांब गेले म्हणजे ओपन, वीज खलास. "अहो, ऐकलंत का?" काकू नवऱ्याला म्हणाल्या. "आपण विजेकडे बघून बोलतो, चालू की बंद. हे लोक तुकड्यांकडे बघून बोलतात, जुळले की सुटले. व्हॉल्व्ह क्लोज केला की पाणी थांबतं, आणि ब्रेकर क्लोज केला की वीज धावते. शब्द एकच!"

नवऱ्यानं हातातली कात्री खाली ठेवली. "आणि साहेबांनी दोन्हीकडे 'बंद' लिहिलंय?"

"दोन्हीकडे."

"हा तर ध चा मा झाला."

दुसऱ्या दिवशी काकू साहेबांकडे गेल्या. रीतसर गेल्या, आवाज न चढवता. कागद चुकलाय म्हणाल्या, कारण सांगितलं, फोनवर पुस्तकातलं पान दाखवलं. साहेबांनी पान बघितलं नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"बाई, मी इंग्रजी माध्यमातून शिकलोय. तुम्ही मला क्लोजचा अर्थ सांगणार? परीक्षेतही हाच प्रश्न आहे, उत्तरं वरून मंजूर होऊन आलीत. तुम्ही आपला अभ्यास करा."

कानात शिसं ओतल्यासारखं झालं काकूंना. सातवी शिकलेल्या बाईला इंग्रजी येत नाही, यात लाज कसली? पण इंग्रजी येत असून समोरची पाटी वाचायची नाही, याला काय म्हणायचं? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, तुला आता माहीत आहे त्यांना काय हवंय ते. 'बंद' वर खूण कर, पास हो, खुर्ची ठेव. मग भांड ना हवं तेवढं."

लेकीचं म्हणणं चूक नव्हतं. एक खूण तर करायची. पण काकू म्हणाल्या, "अगं, ते उत्तर उद्या पंपघरातला कायदा होणार. त्याच्यावर माझी पण खूण? मामांच्या हातांवर मी अशी सही करू?"

"आई, एका प्रश्नानं काय होतंय?"

"एका शब्दानं माणूस जातो पंपघरात."

परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. सतरावा प्रश्न आला: 'क्लोज द ब्रेकर. ऑपरेटरने काय करायचे? अ) वीजपुरवठा चालू करायचा. ब) वीजपुरवठा बंद करायचा.' काकूंनी 'अ' दाबलं, इतकं जोरात की शेजारचा ऑपरेटर दचकला. चाळीस प्रश्न संपले आणि तिथल्या तिथे निकाल दिसला. तेवीस. नापास.

बाकी चौघे पास झाले. चौघांनीही 'ब' दाबलं होतं. त्यातला एक बाहेर येऊन हळूच म्हणाला, "काकू, मला माहीत होतं हो. पण पोराबाळांचं बघावं लागतं." काकू त्याच्यावर चिडल्या नाहीत. त्याच्यावर चिडून काय उपयोग? चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला द्यायची?

दुसऱ्या दिवसापासून काकू बागेत. हातात रबरी नळी, समोर गुलाब. आत पंप चाललेले ऐकू यायचे. सवयीनं कान तिकडेच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्याला सांगितलं, "दोन नंबरचं कपलिंग ओरडतंय. आज पंप थांबवावा लागणार." माळी म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही." तासाभरात पंप खडखडला आणि थांबला.

दोन तासांनी लॅमिनेशनसाहेब स्वतः बागेत आले. बुटांना चिखल लागला तरी आले. चेहरा उतरलेला. शहराच्या अर्ध्या टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या आणि वरून सारखे फोन येत होते.

"बाई, जरा आत चला. तो फिटर मोटरला हात लावत नाही. म्हणतो, पॅनेलवर तुम्ही असाल तरच."

"पॅनेलवर पास झालेली माणसं आहेत ना, साहेब."

"मी त्यालाही तेच सांगितलं."

"मग काय म्हणाले मामा?"

साहेब घुटमळले. "म्हणाला, पास झालेल्यांनी 'ब' लिहिलंय. मला माझे हात हवेत."

काकूंनी नळी खाली टाकली. चिखलाच्या चपला दाराबाहेर काढल्या आणि त्या पंपघरात शिरल्या. मामा मोटरशेजारी स्टुलावर हाताची घडी घालून बसले होते. पॅनेलजवळ ऑपरेटर खाली मान घालून उभे होते. सगळ्यांसमोर काकू एक नंबरच्या ब्रेकरपाशी थांबल्या आणि लाल पट्टीवर बोट ठेवलं.

"साहेब, तुम्हाला इंग्रजी येतं. मला येत नाही, मी नापास आहे. हे वाचा मोठ्यानं."

साहेब वाकले. "क्लोज्ड," ते म्हणाले.

"आणि पंप?"

पंप इतका दणदणत होता की उत्तराची गरज नव्हती. साहेबांनी पट्टीकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे. काकू बोलायच्या थांबल्या नाहीत. सहा आठवडे पोटात बसलेला राग आता उठला होता.

"तुमचा कागद म्हणतो, क्लोज म्हणजे बंद. तुमची परीक्षा म्हणते, क्लोज म्हणजे बंद. ठीक आहे. या इकडे. दोन नंबरच्या मोटरच्या कपलिंगवर हात ठेवा. मी ब्रेकर क्लोज करते. तुमच्या हिशोबानं बंदच राहणार मोटर. मग भीती कसली? ठेवा की हात!"

साहेबांनी आपले दोन्ही हात सावकाश पँटच्या खिशात घातले.

"ठेवत नाही ना? तुमचे हात ते हात, आणि मामांचे काय लाकडाचे? ज्या कागदावर तुम्ही स्वतःचा हात ठेवणार नाही, तो आमच्या डोक्यावर प्लास्टिकमध्ये घालून लावता? माझी खुर्ची घेतलीत, घ्या. पण अर्थ माहीत नसताना शब्द वाटत फिरू नका हो, माणसं मरतात त्यानं!"

साहेबांचा आवाज खाली आला होता. "चुकलं माझं, बाई. पण निकाल... उत्तरं वरून आलीत. ते माझ्या हातात नाही."

"निकाल ठेवा तुमच्याजवळ. मला पॅनेलच्या कुलपाची किल्ली द्या."

किल्ली मिळाली. काकूंनी आधी दोन्ही कागद पॅनेलवरून ओढून काढले. मग दोन नंबरचा ब्रेकर सोडवून वीज तोडली, तो बाहेर खेचला, कुलूप घातलं, 'माणसं काम करत आहेत' ही पाटी अडकवली आणि किल्ली कनवटीला खोचली. टेस्टर लावून वीज नाही हे स्वतः बघितलं, मामांना दाखवलं. मग पुठ्ठ्यावर टेकलेल्या त्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसल्या, पाठ पॅनेलला लावून, म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाचा हात मागे जाऊ नये.

ऑफिसच्या रजिस्टरात काकू अजून नापास आहेत. ते रजिस्टरही लॅमिनेट केलेलं असेल, कोण जाणे. पण त्या दिवसापासून पंपघरातला एकही फिटर काकूंना विचारल्याशिवाय मोटरला हात लावत नाही, आणि साहेबही त्यांना बागेत पाठवायचं नाव काढत नाहीत.

त्या सकाळी मामांनी चष्मा नीट केला आणि बाह्या वर सारल्या. कपलिंगमध्ये हात घालण्याआधी त्यांनी एकदा पॅनेलकडे बघितलं. दोन नंबरवर हिरवी पट्टी होती.

"बाई, काय लिहिलंय तिथं?"

"ओपन."

"म्हणजे?"

"म्हणजे घाला हात, मामा. मी बसलेय इथं."

मामांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.